उलट बाजूचे टाके

ठिगळीच्या डोळ्यात दिवसातून पाच वेळा एक थेंब घालायचा, दहा मिनिटं थांबायचं, मग दुसऱ्या बाटलीतला थेंब घालायचा आणि सकाळ-संध्याकाळ एक गोळी घशाखाली उतरवायची, एवढंच काम होतं. डॉक्टरांनी ते एका दमात सांगून टाकलं होतं. ऐकायला सगळं कसं सुटसुटीत वाटतं. पण चौदा वर्षांच्या, तीनरंगी, स्वतःला घरमालकीण समजणाऱ्या मांजरीला ज्यानं औषध घातलंय त्याला जाऊन विचारावं. दोनच दिवसांत टाकेबाईंच्या नाकी नऊ आले.

टाकेबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पुढच्या खोलीत खिडकीशी शिवणाचं मशीन मांडून त्या लोकांचे कपडे दुरुस्त करायच्या. कुणाची पँट आखूड, कुणाची कंबर सैल, कुणाच्या कोटाचं अस्तर फाटलेलं. वाकडा टाका दिसला की त्यांचा हात शिवशिवायचा. दुसऱ्याच्या अंगावरच्या शर्टाचा सुद्धा. गिऱ्हाइकांनी ते नाव पाडलं आणि ते चिकटलं.

त्यांच्या नवऱ्याला सगळे बसकाका म्हणायचे. एकतीस वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली. पोरं त्यांच्यावर जीव टाकायची. माणूस होताच तसा, आवाज कधी चढायचा नाही आणि खिशात गोळ्या-चॉकलेटं कायम. घरातही कामाची वाटणी तशीच होती. ताप मोजणं, औषध पाजणं, अभ्यासाला बसवणं, दोन धपाटे घालणं हे आईकडे, आणि नंतर डोळे पुसून मांडीवर घेणं बाबांकडे. लेकीचं लग्न होऊन ती लांब गेली, पण फोन अजून बाबांच्याच फोनवर यायचा. टाकेबाईंना ते टोचायचं. बोलून दाखवायला वेळ कुणाला होता?

लेकीनं शाळेत असताना हे पिल्लू आणलं, तेव्हा टाकेबाई म्हणाल्या होत्या, "हे कसलं ठिगळ उचलून आणलंस?" पांढऱ्यावर काळे आणि पिवळे तुकडे, तेही कुणीतरी घाईत लावल्यासारखे. नाव तेच पडलं. आणि ठिगळीनं पहिल्याच दिवशी घर नीट बघून घेऊन बसकाकांची मांडी पसंत केली. चौदा वर्षांत तिनं ती सोडली नाही. टाकेबाईंकडे ती यायची ते फक्त वाटी रिकामी झाल्यावर.

झालं असं, की बसकाकांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दोन दिवस घर बंद राहिलं. शेजारीण सकाळ-संध्याकाळ येऊन वाटी भरून जायची, पण ठिगळीनं तोंड लावलं नाही. दोघं घरी परतली तेव्हा ती पलंगाखाली बसली होती, डावा डोळा घट्ट मिटलेला आणि खालचे केस ओले. बसकाकांचा एक डोळा पट्टीखाली आणि आता एक हिचा. टाकेबाईंनी कपाळाला हात लावला.

डॉक्टर तरुण होत्या, बोलायला स्पष्ट. त्यांनी रंगाची एक केशरी कागदी पट्टी ठिगळीच्या डोळ्याला टेकवली, खोलीतला दिवा बंद केला आणि निळा टॉर्च मारला. डोळ्याच्या काचेवर हिरव्या रेघा चमकल्या. बारीक, फांद्या फुटलेल्या.

"हे व्रण आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "विषाणूमुळे झालेत. हिच्या अंगात तो पिल्लू असल्यापासून असणार. एरवी गप्प पडून राहतो, ताण आला की डोकं वर काढतो. माणसांना नाही होत, घाबरू नका."

"ताण?" टाकेबाई म्हणाल्या. "ऑपरेशन ह्यांचं, धावपळ माझी आणि ताण हिला?"

डॉक्टर हसल्या. मग गंभीर झाल्या. "वय झालंय तिचं. किडन्याही थोड्या थकल्यात, म्हणून गोळी मोजूनमापून देतेय. थेंब चुकवू नका. व्रण खोल गेला तर डोळा काढावा लागेल आणि या वयात भूल द्यायची मला भीती वाटते. घरात डोळ्याचे दुसरे कुठले थेंब नाहीत ना? काही जण जुनी बाटली काढून घालतात."

"छे, नाही," टाकेबाई म्हणाल्या आणि पिशवी उचलून लगबगीनं निघाल्या, कारण दोन वाजत आले होते आणि घरी बसकाकांच्या डोळ्यात थेंब घालायचे होते.

मग सुरू झाली ती दोन रोग्यांची नोकरी. बसकाका गुणी रोगी. मान मागे टाकून 'आ' केल्यासारखे डोळा उघडायचे, थेंब पडला की "वा, गार वाटलं" म्हणायचे आणि दवाखान्यानं दिलेल्या छापील कागदावर स्वतःच बरोबरची खूण करायचे. दुसरी रोगीण मात्र फ्रिजचं दार वाजलं की गायब व्हायची, कारण तिची बाटली फ्रिजमध्ये होती. डोळा ओरबाडू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं, त्यामुळे पळताना ती दारांना आपटायची. टाकेबाई गुडघे धरत पलंगाखाली वाकायच्या, तिला ओढून टॉवेलात गुंडाळायच्या आणि एका हातानं हनुवटी वर करून थेंब सोडायच्या. थेंब झोंबायचा. ठिगळी असं काही ओरडायची की वरच्या मजल्यावरची बाई एकदा चौकशीला येऊन गेली.

थेंब घालून झाला की ठिगळी सुटायची ती थेट बसकाकांच्या मांडीवर. तिथून एका डोळ्यानं टाकेबाईंकडे बघायची. बसकाका तिची पाठ चोळत म्हणायचे, "झालं हं, झालं. गेली ती." गेली ती! जशी काही घरात दरोडेखोर शिरली होती.

हिशेब राहावा म्हणून टाकेबाईंनी आपली युक्ती काढली. पेन त्यांच्या घरात कधी जागेवर सापडायचं नाही, सुई मात्र हाताशी असायची. करड्या अस्तराची एक पट्टी त्यांनी मशीनच्या दांड्याला अडकवली. पहिल्या थेंबाला निळा टाका, दुसऱ्याला तांबडा, गोळीला पिवळा. एका दिवसाची एक ओळ. चार वाजता त्या धुलाईच्या दुकानात कपडे पोचवायला जायच्या, तासाभरानं यायच्या आणि पाचचा थेंब घालायच्या. एकही टाका चुकला नाही. मशीनशेजारी गिऱ्हाइकांच्या कपड्यांचा ढीग कमरेपर्यंत आला, रोज कुणीतरी दारात येऊन "झाली का हो माझी पँट?" विचारून जायचं आणि टाकेबाईंच्या डोळ्यांखाली काळं आलं ते आलंच.

आठवड्यानं डॉक्टरांनी परत निळा टॉर्च मारला. रेघा बारीक झाल्या होत्या. "छान!" डॉक्टर म्हणाल्या. "असंच चालू ठेवा." टाकेबाईंना वाटलं, तिथंच त्या बाकावर आडवं व्हावं आणि झोपून जावं.

त्यानंतरच्या तीन-चार दिवसांत तर डोळा इतका शांत दिसायला लागला की विचारू नका. लाली गेली, पाणी थांबलं. टाकेबाईंनी बसकाकांना फोन करायला लावून लेकीला तसं कळवलंसुद्धा. आणि मग, काही कारण नसताना, डोळा परत मिटायला लागला. काचेवर धुरकट सावली आली. टाकेबाईंनी बाटल्यांवरच्या तारखा तपासल्या, हात दोनदा धुतले, थेंब अर्धा तर पडत नाही ना म्हणून दिवा जवळ ओढला. आधीच्या तपासणीनंतर दहाव्या दिवशी परत तपासणी होती. या वेळी बसकाकाही आले. त्यांचा काळा चष्मा निघाला होता, टोपली त्यांनीच उचलली.

दिवा बंद झाला. निळ्या उजेडात ठिगळीच्या डोळ्यावर फांद्या दिसल्याच नाहीत. त्यांच्या जागी एक हिरवा डाग होता, मसुराच्या दाण्याएवढा, कडा फाटलेला.

डॉक्टरांनी दिवा लावला. मग सावकाश म्हणाल्या, "थेंब चुकतायत का? होतं असं. म्हातारी माणसं दमतात. खरं सांगा, मी रागावणार नाही."

टाकेबाईंचा चेहरा लाल झाला. एकवेळ शिवी दिली असती तरी चाललं असतं. सतरा दिवस झोप नाही, पाठ सरळ होत नाही, जिच्यासाठी हे करायचं ती तोंड बघत नाही, आणि वर हे. त्यांनी पिशवीतून अस्तराची पट्टी काढली आणि टेबलावर आपटली. "मोजा. एक कमी निघाला तर मला सांगा."

डॉक्टरांनी खरंच मोजले. निळे, तांबडे, पिवळे, ओळीत, दाण्यासारखे. "किती सुंदर टाके आहेत," त्या नकळत म्हणाल्या आणि पाठ कशी दिसते म्हणून त्यांनी पट्टी उलटी केली. "आणि हे पांढरे कशाचे?"

उलट बाजूला, कडेला, पांढऱ्या दोऱ्याचे नऊ टाके होते. एक लांब, एक आखूड, एक तिरका, एकाची गाठ वर आलेली. टाकेबाई बघतच राहिल्या. असले टाके त्यांनी जन्मात घातले नव्हते. पण ओळखीचे होते. पस्तीस वर्षांपूर्वी एकदा त्या माहेरी गेल्या असताना कुणीतरी स्वतःच्या वर्दीचं बटण अशाच टाक्यांनी लावलं होतं.

"ते माझे," बसकाका म्हणाले.

टाकेबाई गर्रकन त्यांच्याकडे वळल्या.

"ही चारला बाहेर जाते ना, तेव्हा," बसकाका खाली बघत म्हणाले. "त्या थेंबांनी झोंबतं हो ठिगळीला. माझे थेंब कसे गार असतात. लाली एका दिवसात जाते. माझी गेली. म्हटलं, दिवसातून एकच घालू, बिचारीला तेवढाच आराम. आणि तिला आवडायचंही, ओरडायची नाही." त्यांनी शर्टाच्या खिशातून बाटली काढून टेबलावर ठेवली.

"आणि टाके कशाला घातलेत?" डॉक्टरांनी विचारलं.

"फेरी मारली की नोंद करायची असते," बसकाका म्हणाले. एकतीस वर्षांची सवय. फेरी लपवली, पण नोंद करायला चुकले नाहीत.

डॉक्टरांनी बाटलीवरचं नाव वाचलं, चष्मा काढला आणि डोळे चोळले. मग त्यांनी समजावलं, आवाज न चढवता. हे औषध सूज उतरवतं, कारण ते शरीराच्या पहारेकऱ्यांना झोपवतं. ऑपरेशन झालेल्या माणसाला ते हवंच असतं. पण जिथं विषाणू जिवंत आहे तिथं पहारा उठवला की त्याला मोकळं रान. लाली गेली ती डोळा बरा झाला म्हणून नव्हे, लढणारंच कुणी उरलं नाही म्हणून. "मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "घरात दुसरे थेंब आहेत का म्हणून."

"मला विचारलं होतं," टाकेबाई म्हणाल्या. "मी नाही म्हणाले."

हे खरंच होतं आणि तेच त्यांना जास्त लागलं. गेले अडीच आठवडे त्या स्वतःच्या हातानं तीच बाटली नवऱ्याच्या डोळ्यावर धरत होत्या, पण ते माणसाचं औषध, ते मांजरीच्या खात्यात येतंच कुठं, असं धरून चालल्या होत्या.

"पाच दिवस बघू," डॉक्टर म्हणाल्या. "ही बाटली आजपासून तिच्या आसपास नको. व्रण थांबला तर ठीक. नाहीतर डोळा काढायचा की त्याच डोळ्यातल्या पातळ पडद्याचं ठिगळ वर लावून बघायचं, ते ठरवू. दोन्हीला भूल लागेल आणि भुलेतून ती उठेल याची खात्री मी देऊ शकत नाही."

दोघं घरी निघाली. बसकाकांनी टोपली दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. फाटकापाशी ते थांबले. "मी तिचा डोळा घालवला," ते म्हणाले.

टाकेबाईंना खूप बोलायचं होतं. लाड करणारे तुम्ही आणि निस्तरणारी मी, हे वाक्य तर गेली पस्तीस वर्षं त्यांच्या जिभेवर तयार होतं. पण आता ते सोडायलाही अंगात त्राण नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, "अजून गेला नाहीये. चला, पाचचा थेंब राहिलाय."

आत आल्यावर त्यांनी फ्रिज उघडला, बाटली काढली आणि नवऱ्याच्या हातात ठेवली. स्वतः टॉवेल घेऊन जमिनीवर भिंतीला टेकून बसल्या.

"मी?" बसकाका घाबरून म्हणाले.

"तुम्हीच. मी धरते, तुम्ही घाला. मी थकले आहे. सूड म्हणून नाही सांगत, खरंच थकले आहे."

बसकाकांनी बाटली उलटी धरली. पहिला थेंब ठिगळीच्या कानावर पडला, दुसरा टाकेबाईंच्या मनगटावर. "मला नाही जमत गं. बघ कशी बघतेय माझ्याकडे."

"बघू दे. अरुंद गल्लीत चाळीस पोरं भरलेली बस वळवायचात, एक थेंब नाही पडत सरळ?"

तिसरा पडला. ठिगळी ओरडली. आणि मग पळायला वाट नाही म्हटल्यावर तिनं नरसाळ्यासकट डोकं वळवलं आणि टाकेबाईंच्या काखेत खुपसलं. तिचं काळीज टॉवेलातून धडधडताना लागत होतं. चौदा वर्षांत हे जनावर कधी त्यांच्या मांडीवर आलं नव्हतं. टाकेबाईंनी हात कुठं ठेवायचा ते न सुचून तो तसाच हवेत धरला आणि मग हळूच तिच्या पाठीवर ठेवला.

पाच दिवस रोज पाच वेळा हेच. आता फ्रिजचं दार वाजलं की ठिगळी बसकाकांच्या हाताकडे बघायची आणि थेंब पडला की टाकेबाईंच्या काखेत शिरायची. बसकाका दहा मिनिटं दुसरी बाटली घेऊन समोर बसून राहायचे, एखाद्या पोरानं शाळेत शिक्षा भोगावी तसे. निळा, तांबडा टाकाही आता तेच घालायचे. ओळ रेल्वे रूळ सोडून शेतात गेल्यासारखी जायची. टाकेबाईंचे हात शिवशिवायचे, पण त्यांनी एकही टाका उसवला नाही.

पाचव्या दिवशी निळ्या उजेडात डागाच्या कडा आत ओढलेल्या दिसल्या. "थांबलाय," डॉक्टर म्हणाल्या. बसकाका भिंतीकडे तोंड करून नाक शिंकरायला लागले. पुढे तीन आठवडे गेले. शेवटच्या तपासणीला डोळ्यावर हिरवं काहीच चमकलं नाही. मधोमध एक धुरकट ठिपका तेवढा राहिला, काचेवर बोट उमटावं तसा. तो जाणार नव्हता. समोरचं तिला पुसट दिसेल, कडेनं दिसेल, डॉक्टर म्हणाल्या, पण डोळा राहिला. थेंब बंद, नरसाळं काढा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळचे पाच वाजले. टाकेबाई मशीनवर होत्या, कुणाच्या तरी पँटची खालची पट्टी अर्धी शिवून झाली होती. बसकाका आपल्या खुर्चीत, मांडी सपाट करून, हात बाजूला ठेवून तयारीत बसले होते. ठिगळी पलंगाखालून बाहेर आली. तिनं आळस दिला. त्यांच्या खुर्चीपाशी येऊन तिनं त्यांचे हात हुंगले, मान वाकडी करून चांगल्या डोळ्यानं त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढे गेली. मशीनखालून, पायट्यावरून चढून ती टाकेबाईंच्या मांडीवर आली, दोनदा गोल फिरली आणि तिनं डोकं त्यांच्या काखेत खुपसलं. थेंब नव्हता, टॉवेल नव्हता. वेळ तेवढी पाचची होती.

टाकेबाईंचा पाय पायट्यावरच थांबला.

बसकाकांनी आपल्या रिकाम्या मांडीकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुला असंच वाटायचं का गं? पोर औषध पिऊन माझ्याकडे पळत यायची, तेव्हा?"

टाकेबाईंना वाटलं, हसून म्हणावं की चालायचंच, त्यात काय एवढं. आजवर त्या असंच म्हणत आल्या होत्या. ठिगळीच्या पाठीवरचा पिवळा तुकडा त्यांच्या हाताखाली वर-खाली होत होता.

"हो," त्या म्हणाल्या. "रोज."

बसकाका उठले, खुर्ची ओढत मशीनपाशी आणली आणि त्यांच्या शेजारी बसले. सुई पँटच्या कापडात अर्ध्यावर अडकलेली होती, ती त्यांनी तशीच राहू दिली.